उजवीकडची ओळ

गोगलगाय हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हतं, पण आता खऱ्या नावानं कोणी हाक मारली तर ती वळूनही बघत नसे. तिचं फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. वडिलांच्या मागं ते भाऊ आणि ती मिळून चालवत. भाऊ काचा कापायचा, ही चौकटी जोडायची. चारी कोपरे गोंद लावून शिकंज्यात आवळले, की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना बोट लावायचं नाही हा तिचा नियम. गिऱ्हाईक दारात पाय आपटत उभं राहिलं तरी ही आपली शांतपणे म्हणणार, वाळू दे की. भाऊ वैतागायचा. म्हणायचा, हिला मरण आणायला पाठवावं, माणूस सुखानं शंभरी गाठेल. वहिनी त्याला दटावायची आणि पदराआड स्वतःच हसायची.

गोगलगाय हे नाव पडलं ते सलूनमध्ये, 'दुकटे'वाल्यांच्या बैठकीत.

आजच्या पोरांना 'दुकटे' म्हणून विचारलं तर ती तोंडाकडे बघत राहतील. पण एक काळ होता, चहाच्या दुकानात, बसमध्ये, शेजारणीच्या न्हाणीघरात, जिथं तिथं त्या दोघांचीच गाणी. दोन तरुण पोरं, एक रंगमंचाच्या डाव्या बाजूला उभा राहायचा, एक उजव्या. जागा कधी बदलायचे नाहीत, म्हणून त्यांची खरी नावं मागं पडली आणि लोक त्यांना डावा आणि उजवाच म्हणायला लागले. डाव्याचा आवाज पातळ आणि तल्लख, उजव्याचा जाड, जरा झोपेतून उठल्यासारखा. प्रत्येक गाणं म्हणजे दोघांचं बोलणं. हा विचारणार, तो सांगणार. हा रुसणार, तो समजूत काढणार. ऐकणाऱ्याला वाटायचं, आपल्याशीही कोणीतरी असं बोलावं.

सलूनवाला तेव्हा बापाच्या हाताखाली शिकत होता. त्यानं गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांचे केस डाव्यासारखे, एका डोळ्यावर झुकते, कापून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या आया भांडायला दुकानात आल्या. बापानं त्याच वस्तऱ्यानं त्याचं डोकं तुळतुळीत केलं. ड्रायव्हर आता अँब्युलन्स चालवतो, तेव्हा तो गॅरेजमध्ये गाड्या पुसायचा. पहिला पगार त्यानं तिकिटात घातला आणि कार्यक्रम संपल्यावर गावाच्या त्या टोकापासून घरी चालत आला, गात गात. हे दोन्ही किस्से दर बैठकीला सांगितले जात आणि दर वेळी थोडे वाढत. ड्रायव्हरची ती वाट तर इतकी लांबली होती की आता तो बहुधा शेजारच्या देशातून चालत आला असावा.

बैठक वर्षातून एकदा भरायची, 'दुकट्यां'चा पहिला कार्यक्रम ज्या महिन्यात झाला त्या महिन्यात, सलूनच्या सुट्टीच्या दिवशी. शटर अर्धं खाली, आत चहा, बिस्किटं आणि जुना टेपरेकॉर्डर. सलूनमध्ये आरशासमोर चार खुर्च्या होत्या. डावीकडच्या दोन डाव्याच्या माणसांच्या, उजवीकडच्या दोन उजव्याच्या. सलूनवाला डावा, त्याचा जोडीदार ड्रायव्हर उजवा. भिंगरी डावी, तिची जोडीदारीण गोगलगाय उजवी. बाकीचे बाकावर बसत. पूर्वी बाक भरून लोक उभे असायचे. मग कोणाची बदली झाली, कोणाला नातवंडं झाली, कोणाला गुडघे आले, आणि बाकावर वर्तमानपत्रं तेवढी उरली.

आणि त्यांच्यात एक कायदा होता. ज्यानं त्यानं आपलीच ओळ म्हणायची. दुसऱ्याच्या ओळीला तोंड लावायचं नाही. जोडीदार आला नसेल तर त्याच्या ओळीची जागा तशीच रिकामी जाऊ द्यायची, तेवढा वेळ गप्प बसायचं आणि मग आपल्या ओळीवर यायचं. बाहेरच्या माणसाला हे वेड्यांचं इस्पितळ वाटलं असतं. पण त्यांना ते दुसऱ्याच्या ताटातलं न उचलण्याइतकं साधं वाटायचं. घरी भांडी घासताना, गाडी पुसताना, शिकंजा आवळतानासुद्धा ही माणसं अर्धीच गाणी म्हणायची, मधे मधे गप्प होत.

भिंगरी गणवेश शिवायच्या कारखान्यात काज-बटणाला होती. बोलणं भरभर, चालणं भरभर, चहा तर जीभ भाजत संपवायची. गोगलगाईला जोडीदार म्हणून कोणी घेत नव्हतं, कारण तिची ओळ कधी वेळेवर यायचीच नाही. आधी ती सगळ्या सलूनला ऐकू जाईल असा एक श्वास घ्यायची, मग थोडी थांबायची, मग ओळ. तोवर टेप पुढं निघून गेलेली असायची. ड्रायव्हर म्हणाला, ही गोगलगाय आहे. सगळे हसले आणि नाव पक्कं झालं. भिंगरी मात्र उठून म्हणाली, "मला हीच पाहिजे. ही येईपर्यंत माझा दम तरी खाऊन होतो." आणि तिनं टेप बंद केली. त्या दिवसापासून त्या दोघी टेपशिवाय म्हणत.

त्यांचं गाणं ठरलेलं होतं. त्यात डावा विचारायचा, "कुठवर आलास, कुठवर आलास?" उजवा म्हणायचा, "येतोय, येतोय, अजून वाटेत आहे." मग डावा, "थांबतो मी, तू सावकाश ये." एवढंच, पुन्हा पुन्हा. गाणं पुरुषांचं, म्हणणाऱ्या दोघी बायका, पण शब्द बदलायचे नाहीत हाही कायदाच. भिंगरी विचारायची, आणि जिच्या पायाला चाकं लावलेली ती भिंगरी मान जराशी उजवीकडे करून थांबून राहायची. गोगलगाईचा श्वास, तिचं थांबणं, तिची ओळ, सगळं पुरं होईपर्यंत. तिनं एकदाही घाई केली नाही. गोगलगाईला आयुष्यात सगळ्यांनी 'आटप' म्हटलं होतं. आईनं, मास्तरांनी, भावानं, गिऱ्हाइकांनी. न म्हणणारी ती एकटी.

मग 'दुकटे' फुटले. उजव्यानं गाणं सोडलं. कोणी म्हणालं पैशावरून, कोणी म्हणालं तो आजारी आहे, कोणी म्हणालं त्याला मुळात गायचंच नव्हतं. खरं काय ते त्या दोघांनाच ठाऊक. दोन-तीन वर्षांनी डावा एकटाच गावात आला, आणि भिंतीवरच्या जाहिरातीत छापलं होतं की तो सगळी गाणी गाणार. म्हणजे दोन्ही ओळी. सलूनमध्ये त्या वेळी जी आग पेटली ती बघण्यासारखी होती. ठराव झाला, कोणी जायचं नाही. ठराव मांडला होता गोगलगाईनं. एरवी गरीब दिसायची, पण गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते काही उगीच नाही.

भिंगरी गेली. आणि लपवून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून पुढच्या बैठकीला येऊन तिनं चहाच्या आधीच सांगून टाकलं. ती भरभर सांगत होती की अगं ऐक तर, तो कसं करत होता, डावीकडची ओळ झाली की तो माईक घेऊन उजवीकडे चालत जायचा, उजव्याच्या जागेवर उभा राहायचा, आणि तिथून उजव्याची ओळ म्हणायचा, मग परत इकडे. सगळं गाणंभर एकटाच येरझाऱ्या घालत होता. मला रडू आवरेना.

गोगलगाईनं पुढं ऐकलंच नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. ती म्हणाली, "म्हणजे आता डावीला उजवीची गरज उरली नाही."

भिंगरीनं पिशवी उचलली, खुर्ची सरळ केली आणि अर्ध्या शटरखालून वाकून निघून गेली. चहा तसाच राहिला. तिनं चहा टाकून जाण्याची ती पहिलीच वेळ.

एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात. भांडण मात्र एका हातानं वर्षानुवर्षं चालवता येतं, हे गोगलगाईनं सिद्ध करून दाखवलं. भिंगरीनं पुढच्या वर्षी ड्रायव्हरकरवी निरोप धाडला, येऊ का म्हणून. हिनं निरोपाला उत्तर दिलं नाही. वर आणखी एक केलं. सलूनच्या भिंतीवर दोघींचा एक जुना फोटो होता, तिनंच चौकटीत बसवलेला. तो तिनं दुकानात नेला. काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची एक खिडकी असते, फोटोच्या कडा झाकायला. ती खिडकी तिनं नवी कापली, निम्म्या मापाची, आणि फोटो परत आणून टांगला. आता त्यात ती एकटीच दिसत होती, आणि पुठ्ठ्याआडून आलेला कोणाचातरी एक हात तिच्या खांद्यावर. तो हात झाकायला पुठ्ठा आणखी सरकवावा लागला असता, मग तिचाच कान गेला असता. सलूनवाल्यानं फोटो बघितला आणि मूग गिळून गप्प राहिला. ते गाणं मात्र त्यानंतर सलूनमध्ये कोणी म्हटलं नाही.

राग किती दिवस टिकतो? गोंदासारखाच तोही वाळतो. गोगलगाईचा कधीच वाळून गेला होता, पण तोवर लाज उभी राहिली होती. आता कोणत्या तोंडानं जायचं? दर वर्षी ती ठरवायची, आणि दर वर्षी तिला आधी तो श्वास घ्यायचा असायचा. मग एक दिवस ड्रायव्हर दुकानात आला. टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाला, भिंगरीला मीच नेऊन सोडलं इस्पितळात. पोटाचं आहे. बरं लक्षण नाही.

जाते म्हणाली ती. खरंच जाणार होती. पण रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तिनं तो फोटो सलूनमधून आणला. पूर्ण मापाची नवी खिडकी कापू, दोघी दिसतील अशी, आणि तिच्या उशाशी ठेवू. पुठ्ठ्याचा रंग मनासारखा मिळेना. मिळाला तर सुरी जरा तिरपी गेली. भाऊ म्हणाला, अगं असाच ने. ती म्हणाली, वाळू दे की. रंगाचं निमित्त होतं, हे तिलाही कळत होतं. भीती वेगळीच होती. समजा गेले, आणि तिनं नुसतं अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं तर? समजा इतक्या वर्षांत मी तिच्या मनातून पार पुसली गेले असेन तर? शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. विसरली असेल तर ते सोसणार नव्हतं.

तिला पोचायचं राहून गेलं. ड्रायव्हरनं फोन केला तेव्हा ती शिकंजा आवळत होती. फोन ठेवल्यावरही ती आवळतच राहिली, आणि कोपऱ्याचं लाकूड चिरलं. मरण आणायला पाठवायची ती चेष्टा भावानं पुन्हा केली नाही. तिनं जुनीच खिडकी तशीच ठेवून फोटो सलूनमध्ये परत टांगला. आता दुरुस्त करून कोणाला दाखवायचा होता?

त्या वर्षी बैठकीला तिघंच होते. सलूनवाला, ड्रायव्हर आणि ती. चौथी खुर्ची अशी फिरवून ठेवली होती की आरशात तिची पाठ दिसावी. सलूनवाल्यानं डोकं तुळतुळीत केल्याचा किस्सा काढला, पण मध्येच सोडून दिला. ड्रायव्हर त्या दिवशी गावाच्या त्या टोकापासूनच चालत आला, शेजारच्या देशातून नाही. किस्सा वाढवायला समोर कोणी हसणारं लागतं. सगळ्यांत मोठ्यानं भिंगरीच हसायची, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळत होतं.

तेवढ्यात शटरवर टकटक झाली आणि एक उंच माणूस वाकून आत आला. हातात टोपी, बोटांना काळं तेल. तिघांनीही त्याला ओळखलं. भिंगरीचा नवरा. कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं त्याचं. पूर्वी तो बैठक संपायच्या वेळी तिला न्यायला यायचा, पण आत कधी आला नव्हता. त्याला गाण्यातलं काही कळत नाही, असं तोच सांगायचा. बाहेर गाडीत बसून राहायचा.

सलूनवाल्यानं त्याला बाकावर बसवलं, चहा दिला. हा जाब विचारायला आला आहे, हे गोगलगाय धरूनच चालली. विचारू दे. तो भिंगरीचा हक्क होता आणि आता त्याचा आहे.

पण तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. घरात फार शांत वाटतं म्हणाला. मग टोपी गुडघ्यावर ठेवून त्यानं विचारलं, ते एक गाणं आहे, कुठवर आलास म्हणून, ते तुम्हाला येतं का. ड्रायव्हर म्हणाला, येतं की, आणि मोबाइलवर लावायला गेला. कुलूपवाल्यानं हातानंच त्याला थांबवलं. ते मी ऐकलं, म्हणाला. पुष्कळदा ऐकलं. ते तसं नाही.

मग तो हळूहळू सांगायला लागला. इतकी वर्षं संसार झाला, त्यात रोज स्वयंपाकघरातून त्याच्या कानावर अर्धीच गाणी यायची. मधेच ती गप्प व्हायची, मग पुन्हा सुरू. त्याला वाटायचं, शब्द विसरत असेल. त्यानं कधी विचारलं नाही, आपल्याला काय कळतंय म्हणून. इतर गाण्यांत ती थोडंच थांबायची. या गाण्यात फार. कुठवर आलास म्हणायची, हातातलं भांडं खाली ठेवायची, हात पुसायची, खिडकीकडे बघत उभी राहायची, आणि मग पुढची ओळ. ती गेल्यावर त्यानं मोबाइलवर गाणं लावलं, तर मधली ओळ झटकन येते आणि झटकन जाते. भांडं खाली ठेवायलाही वेळ मिळत नाही.

सलूनवाला आणि ड्रायव्हर दोघंही आरशात बघत होते, आणि आरशात दोघांची नजर गोगलगाईवरच होती.

गोगलगाईला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती पुन्हा उशीर करणार नव्हती. "भाऊजी, तिनं माझं नाव काढलं होतं का कधी?"

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. खोटं बोलायची त्याला सवय नसावी. "नाही ताई," तो म्हणाला. "तुमचं नाव मी ड्रायव्हरसाहेबांकडूनच ऐकलं. तेही ती गेल्यावर."

तिनं मान हलवली. म्हणजे तसंच होतं तर. जे सोसणार नाही वाटलं होतं ते इतक्या साध्या शब्दांत आलं. पुसली गेले मी, तिला वाटलं, आणि पुसून टाकायला मीच लावलं.

"पण माझं काम वेगळं आहे," तो म्हणाला. त्यानं टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली. "शेवटच्या दिवसांत ती फारशी बोलत नव्हती. एकच म्हणायची. कुठवर आलास, कुठवर आलास. मला वाटलं मलाच विचारते. मी म्हणायचो, अगं इथंच आहे की, हा काय तुझ्या शेजारी. तर ती चिडायची. मान हलवायची, नाही नाही करायची. पुन्हा तेच. मी हात धरला, तोंडाजवळ तोंड नेलं, म्हटलं आलो बघ. आणखी चिडली." तो थांबला. "मी चुकीचं उत्तर देत होतो, हे मला नंतर कळलं. गाणं ऐकल्यावर. तिला 'आलो' नको होतं. पण मोबाइलवर आहे ते उत्तरही ते नाही. कोणासाठी एवढी थांबायची ती? तेवढं मला समजलं तर बरं होईल."

ड्रायव्हरनं डोळ्यांवर हात घेतला. सलूनवाला उठून नळ बंद करायला गेला, नळ आधीच बंद होता.

गोगलगाय उठली. भिंतीवरचा फोटो काढून तिनं त्या माणसाच्या हातात दिला. त्यानं आधी तिचा चेहरा बघितला, मग खांद्यावरच्या हातावर बोट ठेवलं. त्या हाताचं पहिलं बोट नखापाशी जरा वाकडं होतं, कारखान्यातल्या पहिल्याच वर्षी काज पाडायच्या यंत्राखाली सापडलं होतं ते.

"हा तिचा," तो म्हणाला.

"फोटो कापलेला नाही मी," गोगलगाय म्हणाली. "ती आत आहे. नुसती झाकलेली आहे."

मग ती तिच्या उजवीकडच्या खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, तुम्ही तिची पहिली ओळ म्हणा. तो म्हणाला, मला गाता येत नाही. ती म्हणाली, नुसती म्हणा. सलूनमध्ये दुसऱ्याच्या ओळीला तोंड लावू नये हा कायदा होता, आणि तो सगळ्यांत कडक पाळणारी हीच.

कुलूपवाल्यानं फोटो मांडीवर घेतला. "कुठवर आलास," तो म्हणाला, हिशेब विचारावा तशा सपाट आवाजात, "कुठवर आलास."

गोगलगाईनं श्वास घेतला, सगळ्या सलूनला ऐकू गेलेला. मग ती थांबली. स्वतःच्या नकळत त्या माणसानं चहाचा कप खाली ठेवला, तेलकट हात विजारीला पुसले, आणि बंद खिडकीकडे बघितलं. तेव्हा तिची ओळ आली. "येतोय, येतोय, अजून वाटेत आहे." आवाज जाड झाला होता, आणि 'वाटेत'वर फाटला. पण जागा बरोबर होती. स्वयंपाकघरात इतकी वर्षं रोज रिकामी ठेवलेली जागा, ती तंतोतंत भरली. नाव नसेल काढलं. जागा कोणाला दिली नव्हती.

"हां," तो माणूस म्हणाला. "एवढंच. एवढाच वेळ." आणि त्यानं टोपीनं तोंड झाकलं.

आता पुढची ओळ डावीकडची होती. तो ती म्हणू शकत नव्हता. सलूनवाला डावाच, पण ही ओळ त्याची नव्हती, तो खाली बघत राहिला. गोगलगाय वाट बघत बसली. या गाण्यात आजवर भिंगरीच तिच्यासाठी थांबत आली होती. आपण थांबावं आणि समोरून कोणी येऊ नये, हे तिच्या वाट्याला प्रथमच येत होतं. एवढं लांब असतं हे? भिंगरीसारख्या बाईनं, जिला चहा निवेपर्यंत दम निघत नसे, हे रोज केलं? आणि इस्पितळाच्या खाटेवर दिवसचे दिवस?

ओळ आली नाही. येणार नव्हती.

तेव्हा ती उठली. चार पावलं चालत डावीकडे गेली, आरशाकडे पाठ करून ठेवलेली भिंगरीची खुर्ची तिनं सरळ केली आणि तीत बसली. तो एकटा गाणारा माणूस रंगमंचावर इकडून तिकडे का चालत होता, आणि भिंगरीला रडू का आवरलं नव्हतं, हे तेव्हा ऐकून घेतलं असतं तर चहा तरी निवला नसता.

भिंगरी करायची तशी तिनं मान जराशी उजवीकडे केली. तिकडे तिची स्वतःची खुर्ची रिकामी होती.

"थांबतो मी," ती म्हणाली, "तू सावकाश ये."